फिक्स्ड बीमचे मोमेंट एकमेकांना 'खात' नाहीत

परीक्षा तोंडावर आली की सिव्हिलच्या पोरांच्या फोनवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला, त्यातला एक तर साइटवर काम करणारा. मजकूर असा: 'फिक्स्ड बीमचा बाऊ करू नका. दोन्ही टोकांचे मोमेंट उलट दिशेचे असतात, एकमेकांना खातात. म्हणून रिअ‍ॅक्शन सिंपली सपोर्टेडसारख्याच काढा. ए भोवती मोमेंट घेताना ए चा फिक्सिंग मोमेंट सोडून द्या, अंतरच शून्य. नुसत्या समतोलाच्या समीकरणांत सगळं बसतं. आणि फिक्स्ड बीम कधीही जास्त सेफ.'

शेवटच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे नंतर येऊ. आधी शब्द: बीम म्हणजे आडवी तुळई. टोक नुसतं टेकवलं, वळायला मोकळं ठेवलं तर सिंपली सपोर्टेड; वळूच शकणार नाही असं जखडलं तर फिक्स्ड. आधार बीमला वर ढकलतो ती रिअ‍ॅक्शन; बल गुणिले अंतर, म्हणजे फिरवायची ताकद, हा मोमेंट; आणि जखडलेल्या टोकावर येणारा मोमेंट तो फिक्सिंग मोमेंट. आता मजकुरातल्या बाकीच्या वाक्यांसाठी एक बीम घ्या. लांबी ६ मीटर, दोन्ही टोकं फिक्स्ड, डावीकडच्या ए टोकापासून २ मीटरवर ५४ किलोन्यूटनचा एकच पॉइंट लोड. आकडे मुद्दाम असे घेतलेत की कॅल्क्युलेटर लागू नये.

हाच बीम सिंपली सपोर्टेड असता तर ए ला ३६ आणि बी ला १८ किलोन्यूटन रिअ‍ॅक्शन आली असती. फिक्स्ड केल्यावर ए ला ४८ आणि बी ला २४ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट येतो. दिशा उलट, हे खरं. पण ४८ मधून २४ गेले की २४ उरतात, शून्य नाही. हे उरलेले २४ बीमला घड्याळाच्या उलट फिरवायला बघतात. त्यांना थोपवायला ए ची रिअ‍ॅक्शन ४ ने वाढते, बी ची ४ ने घटते. ४ गुणिले ६ मीटर म्हणजे बरोबर २४. म्हणून खऱ्या रिअ‍ॅक्शन ४० आणि १४. लोड मधोमध असेल किंवा बीमभर सारखा पसरलेला असेल तर दोन्ही मोमेंट सारखे होतात आणि शॉर्टकट चालून जातो. पुस्तकातली पहिली दोन उदाहरणं नेमकी तीच असतात, अफवेचा उगम बहुधा तिथेच.

आता 'अंतर शून्य' हा सगळ्यात पक्का रुजलेला गैरसमज. अंतर बलाला असतं, मोमेंटला नसतं. बीम भिंतीत घुसलाय असं समजा. बाहेर लोड पडला की आतलं शेपूट वर उचलायला बघतं, वरचं बांधकाम त्याला खाली दाबतं. भिंतीच्या तोंडापाशी खालचं बांधकाम बीमला वर ढकलतं. ४० ची रिअ‍ॅक्शन बाजूला ठेवली तर ही १६०-१६० किलोन्यूटनची जोडी झाली, मधलं अंतर ३० सेंटिमीटर. पाच मीटर लांबच्या बिंदूभोवती मोजा: १६० गुणिले ५.३ वजा १६० गुणिले ५, म्हणजे ८४८ वजा ८००. उत्तर ४८. ए पाशी उभं राहून मोजा, तरी ४८. अशी सारख्या पण उलट बलांची जोडी म्हणजे कपल; तो कुठूनही बघा, तेवढाच दिसतो.

सोडून दिला तर काय होतं तेही बघू. ए भोवती ए चा मोमेंट गाळला की बी ची रिअ‍ॅक्शन १०८ अधिक २४, भागिले ६, म्हणजे २२ येते. तसंच बी भोवती बी चा गाळला की ए ची ४४. बेरीज ६६. लोड तर ५४ चा होता. वरचे १२ किलोन्यूटन कुणी आणून ठेवले? गंमत म्हणजे पोरं एकच रिअ‍ॅक्शन अशी काढतात आणि दुसरी वजाबाकीने, त्यामुळे चूक झाकली जाते.

समतोलाच्या समीकरणांनी भागत नाही, हे मोजणीनेच कळतं: अज्ञात चार, दोन रिअ‍ॅक्शन आणि दोन मोमेंट, आणि इथे कामाची समीकरणं दोन: उभ्या बलांची बेरीज शून्य, मोमेंटची बेरीज शून्य. उरलेली दोन बीमच्या वाकण्यातून येतात. नाव्हिए या फ्रेंच इंजिनिअरने १८२६ च्या आपल्या व्याख्यानांत हीच वाट धरली होती. टोकांना उतार शून्य आणि दोन्ही टोकं एका पातळीत, एवढं लावलं (बीमचा सेक्शन, म्हणजे आडवा छेद, सगळीकडे एकच असेल तर) की आलेखातला फ्री मोमेंटचा (बीम सिंपली सपोर्टेड असता तर आला असता त्या मोमेंटचा) त्रिकोण आणि फिक्सिंग मोमेंटचा चौकोन यांचं क्षेत्रफळ सारखं यावं लागतं. त्रिकोणाची उंची ३६ गुणिले २, म्हणजे ७२; क्षेत्रफळ ७२ गुणिले ६ भागिले २, म्हणजे २१६. चौकोनाचं सरासरी ३६ गुणिले ६, तेही २१६. दोघांचा मध्यही ए पासून २.६७ मीटरवर.

राहिला 'जास्त सेफ'. मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७व्या शतकातच प्रयोगातून सांगितलं होतं की मधोमध वजन टांगलं तर टोकं पक्की धरलेला बीम दुप्पट भार पेलतो. कबूल. डिफ्लेक्शन, म्हणजे बीमचं खाली वाकणं, तर चौथ्या हिश्शावर येतं. पण टोक हललं की हाच पक्केपणा अंगाशी येतो. आपला बीम २३० बाय ४५० मिलिमीटरचा, एम २५ दर्जाच्या काँक्रीटचा धरा आणि बी चा आधार फक्त ५ मिलिमीटर खचवा. न तडकलेल्या सेक्शनवर दोन्ही टोकांच्या मोमेंटमध्ये प्रत्येकी सुमारे ३६ किलोन्यूटन-मीटरचा फरक पडतो. ए चा मोमेंट ४८ वरून ८४ वर जातो, बी चा २४ वरून उलटून १२ सॅगिंग (ताण वरच्या ऐवजी खालच्या बाजूला) होतो; रिअ‍ॅक्शन ५२ आणि २. तडे आणि क्रीप (कायमच्या भाराखाली काँक्रीटचं हळूहळू वाढणारं वाकणं) धरले की आकडे उतरतात, पण शून्यावर येत नाहीत. सिंपली सपोर्टेड बीमला या खचण्याचा पत्ताही लागत नाही.

साइटवरच्या पोराने यावर विचारलं, 'सर, आम्हाला रिअ‍ॅक्शनचं काय? आम्ही फक्त टॉप बार बांधतो.' टॉप बार म्हणजे बीमच्या वरच्या बाजूची सळई. टोकापासून मोमेंट शून्य होईपर्यंत ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून ती किमान तिथवर हवी. मग त्याला मोमेंट शून्य कुठे होतो ते काढायला लावलं. ए कडे ४८ भागिले ४०, म्हणजे १.२ मीटर. बी कडे २४ भागिले १४, म्हणजे १.७१. बी चा मोमेंट निम्मा, तरी वरचा ताण तिकडे जास्त लांबपर्यंत जातो. त्याच्या शॉर्टकटच्या ३६ आणि १८ ने दोन्हीकडे १.३३ येत होतं. बी कडचा टॉप बार, डेव्हलपमेंट लेंग्थ (काँक्रीटमध्ये पकड यायला लागणारी सळईची लांबी) धरायच्या आधीच, ३८ सेंटिमीटर आखूड.