चंदिगडच्या खुर्च्या आपणच विकल्या

उलट्या व्हीसारखे पाय आणि वेताची पाठ असलेल्या सागवानी खुर्चीचा फोटो लावून एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: ‘वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या चंदिगडमधल्या खुर्च्या परदेशी दलालांनी चोरून नेल्या. आज त्या लाखोंना विकल्या जातात. सरकारने कायद्याचा बडगा दाखवून त्या परत आणाव्यात. पांढरा नंबर दिसला की खुर्ची अस्सल, वेत नवा दिसला की नकली.’ या मागची हळहळ माझीही आहे. माहिती मात्र बहुतेक चुकीची आहे.

‘चोरून नेल्या’. चोऱ्या झाल्या, हे खरे. पण त्या मुख्यतः किंमत कळल्यानंतरच्या. त्याआधी सरकारी कचेऱ्यांत नव्या खुर्च्या आल्या, जुन्या खुर्च्या गच्चीवर आणि आवारात ढिगाने पडल्या, निकामी ठरवून त्यांचा जाहीर लिलाव झाला. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी तिथे रीतसर बोली लावून माल उचलला. विक्री आणि निर्यात थांबवण्याचा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने काढला तो २०११ साली. मग मोजदाद झाली, तेव्हा शहरात १२,७९३ वस्तू नोंदवल्या गेल्या. विकून झाल्यावर मोजायला बसलो आपण, आणि हे मला फार लागते.

‘कायद्याने परत आणा’. पुरातन वस्तूंबाबतचा आपला १९७२चा कायदा वस्तू किमान शंभर वर्षांची असावी असे सांगतो. हस्तलिखितांना ७५ वर्षे पुरतात. या खुर्च्या १९५०-६०च्या दशकांतल्या. २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले ते कॅपिटल संकुल (विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाच्या इमारती), तिथल्या खुर्च्या नव्हेत.

‘ल कॉर्बुझिए यांच्या’. शहराचा आराखडा आणि कॅपिटल संकुल त्यांचे. फर्निचरचा मोठा भार उचलला त्यांचे चुलतभाऊ पिअर जॅनरे यांनी. ते १९६५पर्यंत चंदिगडमध्येच राहिले. त्यांच्यासोबत भारतीय वास्तुविशारद होते, त्यांत उर्मिला यूली चौधरी आघाडीवर. खुर्च्या गेल्याबद्दल रडणारा मजकूरही चौधरींचे नाव घेत नाही! आणि ज्यांनी या खुर्च्या हाताने घडवल्या ते सुतार तर कुठेच नाहीत. हे काम एका कारखान्याचे नव्हते, अनेक कार्यशाळांना वाटून दिलेले होते. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेवल्या तर मापांत फरक दिसतो. तेवढ्यावरून कुणी एकीला नकली म्हणू नये.

‘नंबर असेल तर अस्सल’. नंबर आणि खात्याची आद्याक्षरे साठा नोंदवहीसाठी रंगवलेली असत. ब्रश हातात घेऊन ती आजही कुणी रंगवेल. वेताचे तर उलटेच आहे. कोरड्या उन्हाळ्यात वेत ठिसूळ होतो, रोज बसण्याने तुटतो, त्यामुळे वापरातली खुर्ची पुन्हा विणली जातेच. खरी साक्ष सागवान देते. खुर्ची उलटी करा. पायांचे तळ बघा, वर्षानुवर्षे ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर राहून ते काळवंडलेले असतात. खुर्चीच्या हातांच्या टोकांवरून बोट फिरवा, तळव्यांनी घासून कडा गोल झालेल्या असतात. वेत ओवायची भोके जुनी असतील तर वेताच्या ताणाने त्यांची किनारही झिजलेली दिसते. हे सगळे जागेवर असेल, तर वेत कालचा असला तरी ती खुर्ची बहुधा जुनीच.