कोल्हापूरला येताय? मत घरूनच बांधून आणा

कोल्हापूरला पहिल्यांदा येत असाल, तर शहराबद्दलचं मत घरूनच तयार करून आणा. इथं येऊन बनवायचं म्हटलं तर वेळ जातो आणि शेवटी भलतंच काहीतरी हाती लागतं. पुण्या-मुंबईच्या हॉटेलात ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची जी लालभडक भाजी मिळते, तेवढा अभ्यास पुरेसा आहे. (ती भाजी मी कोल्हापुरात कुणाच्या घरी शिजलेली पाहिली नाही. पण आमचं काय, आम्ही इथं नुसते राहतो.)

पहाटे तावडे हॉटेलच्या थांब्याला ट्रॅव्हल्समधून उतरा नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून स्टेशनवर, कुणीतरी खड्या आवाजात विचारणारच, “काय पावणं, कुठनं आलासा?” हा माणूस भांडण काढतोय असं धरून चाला. त्याला पत्ता विचारलात तर तो आधी स्वतः सांगेल, मग पानपट्टीवरच्या दोघांना बोलावून त्यांच्याकडून सांगवेल, त्या तिघांचं एकमत झालं नाही की “बसा गाडीवर, सोडतो की” म्हणेल. अजिबात बसू नका. फुकट सोडणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणारच. त्यापेक्षा मोबाईलवर नकाशा उघडा आणि पापाची तिकटी शोधत फिरा. त्याच चौकात तिसऱ्यांदा आलात की ‘इथल्या रस्त्यांना काही नियोजनच नाही’ हे मत न मागता तयार होतं.

नाष्ट्याला मिसळ. सोबत ब्रेडच्या स्लाइस येतील, तेव्हा कपाळाला आठ्या घालून पाव मागा. इथं मिसळ ब्रेडबरोबरच खातात हे कुणी सांगितलं, तर खरी मिसळ कशी असते ते त्याला समजावून सांगा. पोरगा कटाची किटली घेऊन उभा असेल. त्याला घाई नसते.

दुपारचं मटणाचं ताट मात्र जपून हाताळा, कारण मत बिघडण्याचा खरा धोका तिथं आहे. ताटात तांबड्याशेजारी पांढरा रस्सा असतो. मटणाच्या आळणी पाण्यात खसखस, तीळ आणि नारळाचं दूध घालून केलेला हा प्रकार सौम्य असतो, आजारातून उठलेल्या माणसालाही वाटीभर देतात. त्याला हात लावू नका. कोल्हापूर म्हणजे जाळ, हे तुम्ही तीनशे मैलांवरून ठरवून आलाय, ते एका वाटीपायी कशाला मोडायचं? तांबडा घ्या. मोबाईल समोरच्याकडे द्या, व्हिडिओ सुरू झाल्याची खात्री करा आणि मगच ठसका लागू द्या. तांबड्याचा तो रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो आणि ब्याडगीला रंग जास्त, तिखटपणा कमी. ही माहिती व्हिडिओखाली लिहू नये.

संध्याकाळी गंगावेशीत जा. तिथं म्हशी आणून तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ धारोष्ण दूध ग्लासात देतात. फोटो काढा, पण पिऊ नका. तुमचं दूध पिशवीतून येतं, म्हशीतून आलेल्याचा भरवसा काय?

चपलांचं तर विचारूच नका. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत तसल्याच चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं, तेव्हा तुम्हीही चिडून स्टेटस ठेवलं होतं. आमच्या कारागिराचा घाम, वगैरे. आता चप्पल लाईनला त्याच कारागिराच्या दुकानात बसलाच आहात, तर तळ हातात घेऊन वाकवून बघा, वेणीवरून बोट फिरवा, “वास येतोय हो” म्हणा आणि दोनशे कमी करायला सांगा. नाही म्हणाला तर उठून चार पावलं चाला. हाक येतेच.

कुस्तीचं खासबाग मैदान बघायलाच हवं. 1902 साली शाहू महाराज युरोपला गेले, रोमचं ते जुनं मैदान बघून आले आणि 1912 मध्ये हे उभं राहिलं, हे कुणीही हौसेनं सांगेल. ऐकून घ्या, पैलवानाच्या कानाबद्दल एखादा प्रश्न विचारा. त्याच 1902 च्या 26 जुलैला, महाराज विलायतेत असतानाच, संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के जागा मागासलेल्यांना देण्याचा हुकूम निघाला, याकडे बोलणं वळायला लागलं की घड्याळ बघा. दसरा चौकातून जाताना महाराजांच्या पुतळ्याचा फोटो चालेल. जवळच्या मुस्लिम बोर्डिंगकडे बघून, एका राजाला वेगवेगळ्या जातीधर्मांच्या पोरांसाठी वसतिगृहं काढत बसायची काय गरज होती, असले प्रश्न सुट्टीच्या दिवशी पडू देऊ नयेत.

आणि शाहू स्टेडियमच्या बाजूला तर फिरकूच नका. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी नावं वाचून तुम्ही कुस्ती बघायला म्हणून आत जाल, तर आत फुटबॉल चाललेला असेल. पेठाच्या पेठा त्यापायी एकमेकींशी बोलायच्या बंद होतात. लाल मातीतल्या रांगड्या गड्याचं जे चित्र तुम्ही जपून आणलंय, त्यात शिनगार्ड बांधलेला पोरगा कुठं बसवणार? उद्यमनगरही टाळा. तिथं लेथवर वाकलेली माणसं इंजिनाचे पार्ट करत असतात, मिशीला पीळ द्यायला कुणाला सवड नसते.

आमच्याकडून मात्र तुम्हाला कसलाही त्रास व्हायचा नाही. उलट मदतच होईल. पाहुणा आला की आम्हीही जरा जास्तच कोल्हापुरी होतो. एरवी बँकेत हळू आवाजात बोलणारा माझा मेहुणा पाहुण्यांसमोर “नाद करायचा न्हाई” असं दर तिसऱ्या वाक्याला म्हणतो. तांबड्याची वाटी पुढं सरकवून आम्ही तुमच्या तोंडाकडे बघत बसतो, नाकातून पाणी आलं की आम्हाला बरं वाटतं. त्याच पंगतीत कडेला बसलेल्या आमच्या काकांना पित्ताचा त्रास आहे आणि ते गेली कित्येक वर्षं नुसता पांढरा ओढतायत, पण तुमच्यासमोर तेही म्हणतील, “ह्याला काय तिखट म्हणत्यात व्हय?” तुम्ही घाम पुसा, आम्ही हसतो, दोघांचंही भागतं.

फक्त बिल आलं की खिशात हात घालू नका. त्यावरून इथं खरोखरची भांडणं होतात.