पंधरा हजारांचे कर्ज कोणी फॉरवर्ड करत नाही

दिवाळी जवळ आली की महाबळेश्वरचे अंध मेणबत्ती-उद्योजक भावेश भाटिया यांचा एखादा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हमखास येतो. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते, कोणीतरी ‘जिद्दीला सलाम’ लिहितो आणि पाच मिनिटांत गाडी पुन्हा पाण्याच्या टँकरवर येते. भाटिया यांच्या जिद्दीविषयी मला शंका नाही. मात्र त्यांच्या गोष्टीतील सर्वांत उपयोगी भाग आपण दरवर्षी गाळतो, असे माझे मत आहे.

मूळचे गोंदियाचे असलेले भाटिया डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने ऐन तारुण्यात पूर्ण अंध झाले, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सुटली आणि त्याच काळात कर्करोगाने आई गेली. इथपर्यंतचे सर्वांना पाठ असते. पुढे मुंबईत ‘नॅब’ या अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रशिक्षणात ते मेणबत्त्या करायला शिकले. रात्री मेणबत्त्या ओतायच्या, दिवसा महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर विकायच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या मेणासाठी रोज २५ रुपये बाजूला ठेवायचे, असा त्यांचा हिशेब होता. महागड्या मेणबत्त्यांचे आकार त्यांनी दुकानांत जाऊन हाताने चाचपून समजून घेतले. पत्नी नीता यांची साथ मिळाली, आणि अंधांसाठीच्या योजनेतून एका बँकेने १५,००० रुपयांचे कर्ज दिले, तेव्हा हातगाडीचा धंदा होऊ लागला. आज त्यांच्या ‘सनराईज कँडल्स’ने हजारो अंध व्यक्तींना काम दिले आहे. प्रशिक्षण, भांडवल आणि माल घेणारे गिऱ्हाईक या तीन गोष्टी नसत्या, तर तीच जिद्द २५ रुपयांच्या मेणापाशीच अडून बसली असती.

दयेने केलेल्या खरेदीला मी गिऱ्हाईक म्हणत नाही, आणि हे मला एका प्रदर्शनात शिकावे लागले. १६० रुपयांचे मेणबत्त्यांचे पाकीट घेऊन मी २०० ची नोट पुढे केली आणि मोठेपणाने म्हणालो, “वरचे राहू द्या.” स्टॉलवरच्या अंध गृहस्थांनी नोटेची लांबी बोटांवर मापली, कडेच्या उठावदार रेषांवरून अंगठा फिरवला (१०० आणि २०० च्या नव्या नोटांच्या लांबीत जेमतेम ४ मिलिमीटरचा फरक आहे), गल्ल्यातून विसाच्या दोन नोटा तशाच मापून काढल्या आणि माझ्या हातात ठेवत म्हणाले, “साहेब, वाटलं तर आणखी एक पाकीट घ्या. हे मात्र तुमचे.” मी दुसरे पाकीट घेतले नाही. मेणबत्त्या मला लागतच नव्हत्या, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या आणि त्यांपैकी काम करणारे सुमारे ३६ टक्केच होते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ वरून ४ टक्के केले. खासगी क्षेत्रात मात्र किमान ५ टक्के कर्मचारी अपंग असावेत म्हणून मालकांना सवलती देण्याचे कलम आहे, सक्ती नाही. सक्ती असावी की नसावी यावर वाद घालता येईल. पण जिथे सक्ती नाही तिथे सगळा भार खरेदीवर येतो, आणि आपली खरेदी वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या आसपास जागी होते. अंध कारागिराच्या घरचा किराणा बाराही महिने लागतो.

दुसरी अडचण आपल्या भिडेची आहे. एरवी वात मध्यभागी नसलेली मेणबत्ती आपण दुकानदाराला परत करतो. अंधांच्या संस्थेच्या स्टॉलवरून तशीच मेणबत्ती आली तर ‘जाऊ दे, बिचारे’ म्हणून कपाटात टाकतो आणि पुढच्या वर्षी तिकडे फिरकत नाही. ज्याला तक्रारच ऐकू येत नाही, त्याने साचा सुधारायचा कसा? वात बोटाने मध्यावर धरून मेण ओतण्याचे कसब ज्या हातांना आहे, त्यांना चूक सांगितलेली चालते.

आमच्या कार्यालयात दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी तीन दरपत्रके मागवतात. यंदा त्यांतले एक अंध कारागिरांच्या संस्थेचे असेल, आणि समितीपुढे ठेवताना मी त्यावर कोणताही वेगळा शेरा लिहिणार नाही.