ऋणको, पातळी तिसरी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचण्याचा खेळ. तो खेळणाऱ्या प्रत्येक टोळक्यात कधी ना कधी डीएमच्या डोक्यात किडा वळवळतो, की पुस्तकातले क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, काही पुरेसे नाहीत. डीएम म्हणजे डन्जन मास्टर. गोष्ट सांगणारा, राक्षस सोडणारा आणि भांडण झालं तर निकाल देणाराही तोच. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं : योद्धा, जादूगार, चोर, धर्मगुरू. २०१४च्या नियमपुस्तकात असे बारा क्लास आहेत, २०१९मध्ये कारागिराचा तेरावा आला. आमच्या डीएमला चौदावा सुचला. त्याच महिन्यात त्याचं गृहकर्ज मंजूर झालं होतं, एवढं सांगून ठेवतो.

क्लासचं नाव ‘ऋणको’. ऋणकोने लढाईत स्वतःच्याच भविष्यातून फासे उसने घ्यायचे. तिसऱ्या पातळीला एका वारामागे सहा बाजूंचे तीन फासे जादा. म्हणजे शत्रूला सरासरी साडेदहाची जादा इजा. साध्या गॉब्लिनकडे, म्हणजे किरकोळ राक्षसाकडे, २०१४च्या नियमांत प्राण असतात सात, त्यामुळे तो तलवारीची वाट न बघता नुसत्या कर्जानेच मरतो. घेतलेले फासे पुढच्या कुठल्यातरी रोलमधून, म्हणजे पडलेल्या दानातून, वजा करून फेडायचे, वर एक फासा व्याज. रात्रीच्या मुक्कामापर्यंत फिटलं नाही, तर थकबाकी दुप्पट. ऋणको मेला किंवा हप्ता चुकला, तर कर्ज जामीनदाराच्या अंगावर.

“हे कोणीतरी खेळून बघायला हवं,” असं म्हणत डीएमने टेबलाभोवती नजर फिरवली. सगळ्यांना एकदम मोबाइलमध्ये महत्त्वाचं काहीतरी दिसलं. मी भेळेत चिंचेचं पाणी घालत होतो, दोन्ही हात अडकलेले. माझा जुना पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, ज्याला मी पोटच्या पोरासारखा वाढवला होता, तो तिथल्या तिथे ‘तीर्थयात्रेला’ गेला.

प्लेटेस्टिंग, म्हणजे नवा नियम खेळून तपासणं, हे फुकट खेळायला मिळणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते केलेलं नसतं. खेळणारा खेळतो, चाचणीवाल्याची जबानी होते. मी फासा टाकला की डीएम हात वर करून सगळं थांबवणार आणि वहीत लिहिणार. तोवर ड्रॅगन आ वासून उभा.

“थांब. आत्ता तुला नेमकं काय वाटलं?”

“मगर पाय चावतेय असं वाटलं.”

“ते नाही रे. क्लासबद्दल.”

घरी गेलो की फॉर्म. ‘आपण सामर्थ्यवान असल्याची भावना १ ते ५’. ‘इतर खेळाडू आपल्यावर वैतागले का? (उत्तर इतरांकडून घ्यावे)’.

खरी अडचण निराळीच होती. आमच्या घरात मिक्सरसुद्धा रोख पैसे साठले तेव्हाच आला. उसनं घेतलेलं विरजण दुसऱ्या दिवशी वाटीसकट परत, आणि वाटी रिकामी नाही. असल्या संस्कारातल्या माणसाला ऋणको करायला सांगणं म्हणजे छळ. मी एकच फासा घ्यायचो, तोही अगदी जिवावर आल्यावर, आणि पुढच्याच रोलला व्याजासकट टिच्चून फेडायचो. डीएम कपाळ बडवून घ्यायचा. “अरे, या क्लासचा सगळा थरार थकबाकीत आहे! जरा बुडव की!”

बुडवणं मला जमेना, पण फेडण्याची एक स्वस्त वाट मात्र सापडली. नियमात लिहिलं होतं, ‘कुठल्याही रोलमधून’. मग मी जंगलातून जाताना प्रत्येक झाड ओळखायला लागलो. नेचर चेक, म्हणजे निसर्गज्ञानाचा फासा, टाकायचा, त्यातून कर्ज वजा करायचं, रोल उणे चारवर जायचा आणि डीएमने सांगायचं की हे झाड तुला ओळखता आलं नाही. नाही तर नाही! मला कुठे वनखात्यात लागायचंय? पुढचं झाड. वडाला मी काय समजलो कोण जाणे, पण गुहेच्या तोंडाशी पोचेपर्यंत कर्ज निल आणि आत मी पूर्ण तीन फाशांनिशी. चोर खेळणारा मित्र तेवढ्यात खाली जाऊन दूध घेऊन आला.

याला प्लेटेस्टिंगच्या जगात फार मानाची परंपरा आहे. शत्रू पडला की फुकटचा एक वार मिळतो असा नियम एके काळी होता. मग खेळाडूंच्या डोक्यात आलं, योद्ध्याने पाठीवर उंदरांचं पोतंच घेऊन फिरावं. राक्षस दिसला की पोतं उघडायचं, उंदीर मारायचे आणि मिळालेले फुकटचे वार राक्षसावर काढायचे. २००८च्या डन्जन मास्टरच्या पुस्तकात तर उंदरांचं पोतं बाळगून फायदा लाटता येणार नाही, असं चक्क छापून टाकावं लागलं. छापील नियमात उंदीर आले की समजावं, कुठेतरी कोणीतरी नीट चाचणी घेतली आहे. मी हे डीएमला अभिमानाने ऐकवलं. त्याने वहीत ‘झाडं बंद’ असं लिहिलं.

नव्या आवृत्तीत फेड फक्त जिवावरच्या रोलमधून. आता जामीनदार लागणार होता.

इथे थोडा इतिहास. १९७४मध्ये हा खेळ छापून आला तेव्हा क्लास तीनच होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी आला. त्यातला धर्मगुरूसुद्धा भक्तिभावातून जन्मला नाही. खेळाच्या दोन जनकांपैकी डेव्ह आर्नेसन, त्याच्या मिनेसोटातल्या टेबलावर एक खेळाडू व्हॅम्पायर होऊन इतका माजला की कोणाला आवरेना. त्याला वेसण घालायला म्हणून धर्मगुरू काढला. मोडलेला क्लास दुरुस्त न करता त्याच्या मागे दुसरा क्लास लावून द्यायचा, ही पद्धत इतकी जुनी.

आमच्या टेबलावर धर्मगुरू वहिनी खेळतात, म्हणजे डीएमची बायको. त्या एका पतसंस्थेत वसुली विभागात आहेत. हे मला माहीत होतं आणि तरी मी त्यांना जामीन राहायला विचारलं, कारण तीस फुटांच्या आत दुसरं कोणी नव्हतं.

“राहते की,” वहिनी म्हणाल्या. “भावजी, नियमाचा कागद जरा इकडे द्या.”

त्यांनी तो कागद पहिल्या शब्दापासून वाचला. त्या खेळाचा कुठलाही कागद तसा वाचला गेल्याचं मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली : ‘जामीनदारास ऋणकोच्या मालमत्तेतून भरपाई करून घेता येईल.’ “हे तू लिहिलंयस?” असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. डीएम म्हणाला, “हो, जरा वजन यावं म्हणून.”

गुहेत गॉब्लिनांनी घेरलं आणि माझा जिवावरचा रोल आला तीन. व्याजसुद्धा फिटेना. सहा प्राण उरलेले, अंगावर बाण, आणि समोर वहिनींनी ढाल खाली ठेवून बटव्यातून कागद काढला.

“हप्ता चुकला, भावजी. तलवार.”

माझी पेटती तलवार! ती मिळवायला अख्खा उन्हाळा गेला होता. मी डीएमकडे पाहिलं. तो इतक्या भराभरा लिहीत होता की मान वर करायला त्याला सवड नव्हती.

वहिनींनी तिथेच लिलाव पुकारला. चोराने नऊ चांदीची नाणी लावली, आणि मित्र म्हणवतो स्वतःला! जादूगार म्हणाला, मला चालवता येत नाही. “आणखी कोणी?” वहिनींनी गुहेकडे बघून विचारलं. डीएमची पेन्सिल थांबली, कारण गुहेत गॉब्लिन होते आणि ते त्याचे होते. जरा विचार करून त्याने बारीक आवाजात अकरा पुकारले.

वहिनींनी तीनदा विचारलं, नाणी मोजून घेतली आणि गॉब्लिनला पावती दिली. त्याची पाळी माझ्या लगेच नंतर होती.

“आता नेमकं काय वाटतंय?” डीएमने विचारलं आणि वीस बाजूंचा फासा उचलला.