चॅट्सवर्थ : ‘आपली माणसं आपल्यात राहिली, बिघडलं काय?’

नमस्कार. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहराचं चॅट्सवर्थ हे उपनगर वर्णभेदाच्या काळात सरकारने फक्त भारतीयांसाठी वसवलं. त्यावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. आपली माणसं कुठेही गेली तरी आपल्याआपल्यातच राहतात, दादरची पारशी कॉलनीही तशीच. मग भारतीयांना एका उपनगरात पक्की घरं मिळाली तर रडायचं कशाला? आणि आफ्रिकी लोकांचे हाल मी दोन ओळींत उरकले.

दुसरा आक्षेप मान्य. पण आधी पहिला.

आपल्याआपल्यात राहणं केटो मॅनरला, म्हणजे चॅट्सवर्थच्या आधीच्या वस्तीत, होतंच की! १८६० ते १९११ या काळात दीड लाखाहून जास्त माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातून नाताळ प्रांतात (डर्बन याच प्रांतात) उतरली. करार संपल्यावर त्यांतल्या कित्येकांनी डर्बनलगतच्या त्या टेकड्यांवर जमीन खंडाने घेतली, भाजी पिकवून शहरात विकली, पुढे काहींनी तुकडे विकतही घेतले. देवळं बांधली, शाळा उभ्या केल्या. मग कोणत्या वंशाने कुठे राहायचं हे ठरवणारा १९५०चा ग्रुप एरियाज कायदा आला आणि १९५८ मध्ये केटो मॅनर गोऱ्यांसाठी राखीव झालं. घरं पाडली, माणसं चॅट्सवर्थला हलवली, बरीचशी देवळं मात्र राहिली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते गोरे तिथे फारसे आलेच नाहीत. कितीतरी जमीन वर्षानुवर्षं गवतात पडून होती. सणावाराला लोक चॅट्सवर्थहून त्याच देवळांत यायचे, आजूबाजूला एकही शेजारी नसताना.

चॅट्सवर्थची जमीनही रिकामी नव्हती. तिथे भारतीयांच्याच केळीच्या बागा होत्या, त्या सक्तीने घेतल्या. वस्त्यांना आकडे दिले : युनिट १, युनिट २. सासू-सासरे, दीर-जावा एका छपराखाली नांदत होते, त्यांना इवलीशी घरं वाटून दिली. एकत्र कुटुंबं तिथेच फुटली. पारशी कॉलनीतल्या माणसाला उद्या ठाण्यात घर घ्यावंसं वाटलं तर कायदा आडवा येत नाही. तुलनाच करायची तर गावकुसाबाहेरच्या वस्तीशी करा, ती जास्त जवळची आहे.

आता माझी चूक. केटो मॅनरमध्ये झोपड्या बांधून राहणारे हजारो आफ्रिकी लोक भारतीय जमीनमालकांना भाडं देत होते, हे मी लिहायला हवं होतं. डर्बनमधल्या जानेवारी १९४९च्या आफ्रिकी-भारतीय दंगलीत १४२ माणसं गेली. मी फक्त भारतीय मृतांबद्दल लिहिलं, पण निम्म्याहून जास्त मृत आफ्रिकी होते. चॅट्सवर्थची जागाही पाहा : एका बाजूला गोऱ्यांची उपनगरं, दुसऱ्या बाजूला नदीपलीकडे आफ्रिकींचं उमलाझी. भारतीयांना बरोबर मधे बसवलं, कुंपणासारखं. लेखातला तो भाग आज बदलतोय.

आणि ती पक्की घरं. त्यांतली कितीतरी नगरपालिकेची, भाड्याची होती. २००० साली, वर्णभेद संपून सहा वर्षं झाल्यावर, भाडं थकलं म्हणून लोकांना बाहेर काढायला पोलीस आले. तेव्हा भारतीय आणि आफ्रिकी शेजारी मिळून दारात आडवे उभे राहिले.