चर्चिलची उचकी आणि जॉर्डनचा कोपरा
आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात. ते खरं असेल तर चर्चिलला वर जाऊनही उसंत नसणार. जॉर्डनचा नकाशा असलेला तो मजकूर वर्षातून दोन-तीनदा तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. परवा पुन्हा आला. नकाशावर लाल गोल, आणि खाली लिहिलेलं: "१९२१ साली कैरोत जेवण आणि भरपूर दारू झाल्यावर चर्चिलने जॉर्डन आणि सौदी अरेबियाची सीमा आखायला घेतली. मधेच उचकी लागली, पेन हलला आणि सीमेला हा कोपरा पडला. कुणा अरबाला विचारलं नाही. ओसाड वाळवंटात मारलेल्या या रेघेमुळे अरब आजही भांडतायत."

इंग्रजीत या कोपऱ्याला 'विन्स्टनची उचकी' असं नावच पडलंय. गोष्ट छान आहे, पण त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. मला खुपतं ते वेगळंच. साम्राज्याची टिंगल करण्याच्या भरात आपण साम्राज्याचीच सुटका करून देतो.

आधी "१९२१ साली कैरोत". मार्च १९२१ मध्ये कैरोत परिषद झाली आणि वसाहतमंत्री म्हणून चर्चिल तिथे होता, एवढं खरं. मक्केच्या शरीफाचा मुलगा फैसल याला इराकच्या गादीवर बसवायचं, हे तिथेच ठरलं. त्याचा भाऊ अब्दुल्ला तोवर अम्मानमध्ये येऊन बसला होता. परिषद संपता संपता चर्चिल जेरुसलेमला गेला, अब्दुल्लाला भेटला आणि सहा महिने जॉर्डन नदीपलीकडचा मुलूख (ट्रान्सजॉर्डन, म्हणजे आजचं जॉर्डन) सांभाळून बघ, असं त्याच्याशी ठरवून आला. पण सौदींबरोबरची सीमा? पुढे सौदी अरेबियाचा राजा झालेल्या इब्न सौदचं राज्य, म्हणजे मध्य अरबस्तानातलं नज्द, त्या वेळी त्या भागाला टेकलेलंच नव्हतं. मधे त्याच्या प्रतिस्पर्धी रशीद घराण्याचं हाइलचं राज्य होतं, ते त्याच वर्षाच्या अखेरीस पडलं. त्याच्या उत्तरेचं जौफ हे मरुद्यान १९२२ मध्ये इब्न सौदच्या हाती आलं. 'सौदी अरेबिया' हे नाव तर १९३२ चं. जो शेजारी अजून शेजारी झालाच नव्हता, त्याच्याबरोबरचं कुंपण कोण कशाला घालेल?

आता "चर्चिलने". ही सीमा ठरली २ नोव्हेंबर १९२५ रोजी, हद्दा करारात. त्या दिवशी चर्चिल वसाहतमंत्री नव्हता, त्या खुर्चीत लिओ एमरी होता. चर्चिल लंडनमध्ये अर्थमंत्री होता आणि पौंडाला पुन्हा सोन्याशी बांधण्याचा त्याचा निर्णय त्याच वर्षीचा. अरबस्तानात होता सर गिल्बर्ट क्लेटन. पहिल्या महायुद्धात कैरोत लष्करी गुप्तवार्ता खातं सांभाळलेला, अरबांच्या राजकारणात मुरलेला माणूस. मक्का आणि जेद्दा यांच्यामध्ये बहरा नावाच्या ठिकाणी इब्न सौदचा तळ होता. मक्का त्याने आदल्या वर्षीच घेतली होती आणि आता जेद्दाला वेढा पडला होता. क्लेटन त्या तळावर जाऊन राहिला आणि ऑक्टोबरपासून तीन आठवडे घासाघीस चालली. दोन करार झाले: इराकच्या सीमेवरच्या टोळ्यांबद्दल बहराचा, आणि ट्रान्सजॉर्डनच्या सीमेबद्दल हद्दाचा.

पेन हलण्याचा मुद्दा तर करार वाचला की तिथेच संपतो. सीमा शब्दांत लिहिलेली आहे. ३९ अंश पूर्व रेखांश आणि ३२ अंश उत्तर अक्षांश जिथे छेदतात तिथून सरळ रेषेत ३७ अंश पूर्व आणि ३१ अंश ३० मिनिटे उत्तर या बिंदूपर्यंत. तिथून रेखांशावरून थोडं खाली, ३१ अंश २५ मिनिटांपर्यंत. मग पुन्हा सरळ रेषेत ३८ अंश पूर्व आणि ३० अंश उत्तर. सौदी हद्दीचं टोक अम्मानच्या दिशेने घुसतं तो लाल गोलातला कोपरा म्हणजे यातला दुसरा बिंदू. उचकी मिनिटांच्या हिशेबात लागत नाही.

मग कोपरा पडला कशामुळे? खरी गोष्ट इथे आहे, आणि मजकुरातलं "ओसाड वाळवंट" हे शब्द तिच्यावरच माती टाकतात. जॉर्डनमधल्या अझरकच्या पाणथळीपासून आग्नेयेला जौफकडे एक लांबलचक सखल पट्टा जातो, त्याचं नाव वादी सरहान. त्यात विहिरी आहेत, मीठ आहे, उंटांना चराई आहे. रुवाला, बनी सख्र, हुवैतात या टोळ्यांच्या येण्याजाण्याची वाट तीच, आणि नज्दचे व्यापारी सीरियाकडे उंट हाकत न्यायचे तीही याच बाजूने. पट्ट्याच्या उत्तर टोकाला काफ नावाचं गाव आहे. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती या वाटेचा दरवाजा.

इब्न सौदला काफ हवं होतं, आणि त्याहून जास्त काही हवं होतं: आपली हद्द थेट सीरियाला भिडावी. अब्दुल्लाही काफवर हक्क सांगत होता. ब्रिटिशांना मात्र काफची फारशी मातब्बरी नव्हती. त्यांचा जीव अडकला होता उत्तरेच्या पट्ट्यात, ट्रान्सजॉर्डन आणि इराक यांना जोडणाऱ्या वाळवंटात. १९२१ पासून त्यांच्या वायुदलाची कैरो ते बगदाद विमानं तिथूनच उडत. वैमानिक वाट चुकू नयेत म्हणून जमिनीवर नांगराने चर काढून ठेवला होता! नज्द आणि सीरिया भिडले असते तर हा जमिनीवरचा दुवा तुटला असता.

म्हणून सौदा असा झाला: काफसकट वादी सरहान जवळजवळ सगळी इब्न सौदला, उत्तरेचा पट्टा ट्रान्सजॉर्डनला. नकाशावर पहिल्या देण्याचा झाला खळगा आणि दुसऱ्याचं झालं नाक. सोबत अटीही आल्या. काफमध्ये तटबंदी ठाणं उभारायचं नाही, हे इब्न सौदने कबूल केलं. त्याच्या व्यापाऱ्यांना सीरियाशी ये-जा करायला मोकळी वाट आणि मार्गातल्या जकातीतून सूट, हे ब्रिटिशांनी लिहून दिलं. म्हणजे सीरियाची हद्द मिळाली नाही, पण बाजारपेठ मिळाली. याला दारूच्या भरातला घोळ म्हणायचं तर मारवाडी पेढीवरची खतावणीसुद्धा घोळच म्हणावी लागेल.

"कुणा अरबाला विचारलं नाही" यावर जरा थांबायला हवं, कारण इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. इब्न सौदला नुसतं विचारलं नाही, त्याच्याशी वाटाघाटी कराव्या लागल्या, आणि वादी सरहान त्याने पदरात पाडून घेतली. क्लेटनच्या बाजूला दुभाषा आणि सल्लागार म्हणून जॉर्ज अँटोनियस हा अरबच होता. पण ज्याच्या राज्याची सीमा ठरत होती त्या अब्दुल्लाच्या वतीने सही केली क्लेटनने. आणि ज्यांच्या विहिरी व कुरणं या रेषेने तोडली त्या टोळ्यांना खरंच कुणी विचारलं नाही. राग यायचा तर या गोष्टीचा यावा. उचकीच्या विनोदात तोच हरवतो.

भांडणांचा क्रमही मजकुरात उलटा आहे. रेघ आली म्हणून भांडण लागलं नाही. इब्न सौदच्या इखवान या कट्टर धार्मिक लढवय्यांनी १९२२ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट १९२४ मध्ये थेट अम्मानच्या परिसरातल्या गावांपर्यंत धडक मारली होती, आणि ब्रिटिश विमानं व चिलखती मोटारींनी त्यांना परतवलं होतं. रेघ त्यानंतर आली. तिच्याने छापे लगेच थांबले असंही नाही, दोन्ही बाजूंनी पुढे काही वर्षं उंटांची लूट चालूच होती. पण १९३३ मध्ये ट्रान्सजॉर्डन आणि सौदी अरेबिया यांच्यात मैत्रीचा करार झाला.

या कथेत आणखी एक कथा मिसळलेली दिसते. नज्द, इराक आणि कुवेत यांच्या सीमांसाठी १९२२ च्या अखेरीस आखाताच्या किनाऱ्यावरच्या उकैरला बैठक झाली. तिथे सर पर्सी कॉक्सने लाल पेन्सिल घेऊन नकाशावर रेघ ओढली, असं तिथे हजर असलेल्या डिक्सन या अधिकाऱ्याने बऱ्याच वर्षांनी लिहून ठेवलंय. कॉक्स ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या राजकीय सेवेत मुरलेला. तो शुद्धीत होता, आणि ही रेघ वेगळी.

आपल्याला हे मजकूर चटकन पटतात याचं कारण उघड आहे. रॅडक्लिफ जुलै १९४७ मध्ये हिंदुस्थानात पहिल्यांदा आला आणि पाच-सहा आठवड्यांत पंजाब-बंगालच्या चिरफळ्या करून गेला. तो अनुभव गाठीशी असलेला माणूस अरबांची गोष्ट ऐकून मान डोलावणारच. पण आपल्याकडची फाळणी कुणी उचकी म्हणून सांगितली तर आपण हसू का?

राहिला प्रश्न त्या कोपऱ्याचा. तो ब्रिटिशांची चूक असता तर ब्रिटिश गेल्यावर पुसता आला असता. दक्षिणेकडच्या मआन आणि अकाबाच्या भागात तर १९२५ मध्ये एकमताची सीमा ठरलीच नव्हती. १९६५ साली जॉर्डन आणि सौदी अरेबिया आपापले नकाशे घेऊन बसले, मधे कुणी ब्रिटिश नव्हता. जॉर्डनने सुमारे ७,००० चौरस किलोमीटर वाळवंट दिलं, सुमारे ६,००० घेतलं, आणि अकाबाजवळ १९ किलोमीटरचा समुद्रकिनारा मिळवला. काफजवळचा कोपरा दोघांनीही होता तिथेच ठेवला.