शंभर टक्के कुणाचे?

हायस्कूलच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर काय छापायचं, या एका प्रश्नावरून परवा तिंट्यावरच्या, म्हणजे गावच्या बाजारातल्या, वडाखाली दीड तास वाद रंगला. गोव्यातल्या कितीतरी गावांत मुक्तीनंतर निघालेल्या हायस्कुलांची साठी अलीकडेच भरली किंवा भरते आहे. तिथल्या समित्यांपुढेही हाच प्रश्न येणार, म्हणून जे बोलणं झालं ते इथं उतरवलं आहे.

बसलेले चौघे. नाना गणिताचे निवृत्त शिक्षक. भाईंची सगळी नोकरी हायस्कूलच्या ऑफिसात गेली. दत्ता पालक-शिक्षक संघाचं काम बघतो, आणि उल्हास कॉलेजात इतिहास शिकवतो.

नानांचं म्हणणं सरळ होतं. दहावीचा निकाल ज्या ज्या वर्षी शंभर टक्के लागला ती वर्षं ओळीनं मुखपृष्ठावर घालावीत, आत पहिल्या आलेल्यांचे फोटो.

"शंभर टक्के कशाचे, नाना?" भाई म्हणाले. "परीक्षेला बसलेल्यांचे. पाचवीत नाव घातलेल्यांचे नव्हेत."

आणि त्यांनी शेजारच्या बंद दुकानाच्या फळीवर खडूनं आकडे मांडायला सुरुवात केली. "समजा, पाचवीत ६० मुलं आली. सहा वर्षांत त्यांतल्या १२ जणांनी दुसऱ्या शाळेत जायला दाखला नेला. राहिली ४८. त्यांतली ३४ वेळेवर दहावीला बसली, ६ एखाद्या वर्गात मागे राहिली, ८ जणांनी शाळाच सोडली. मधल्या वर्षांत बाहेरून आलेली ४ मुलं धर. म्हणजे परीक्षेला ३८. पास झाली ३६, त्यांत आपली ३३. मंडळाच्या कागदावर निकाल ९४.७ टक्के. पण मूळच्या ४८ पैकी वेळेवर पास झाले ३३, म्हणजे ६८.७५. दोन्ही आकडे खरेच. पहिला परीक्षेचा आहे, दुसरा शाळेचा."

नानांना हे पटलं नाही. "आजारपणानं एक वर्ष गेलेलं पोर तू गळालेल्यांत धरतोस?"

"नाही धरत. म्हणून तिसरा आकडाही काढायचा. मागे राहिलेल्या सहांतली चार पुढच्या खेपेला पास झाली, तर ३७ भागिले ४८. ७७.०८. वेळेवर किती आणि उशिरा धरून किती, हे दोन्ही शेजारी शेजारी छापायचे."

दत्ताची अडचण वेगळी होती आणि तीही खरी होती. पट आधीच घसरतो आहे. ६८ चा आकडा बघून आईबाप पोराला बसनं शहरातल्या शाळेत पाठवतील. त्यावर भाईंचं उत्तर असं की शेजारच्या शाळांनीही तसंच मोजलं तर त्यांचेही आकडे खाली येतील, आणि पटसंख्या राखायची तर मुलं कुठल्या इयत्तेत जातात ते आधी कळायला हवं. ते कळायला जनरल रजिस्टरशिवाय दुसरी जागा नाही.

ते रजिस्टर म्हणजे काय, हे ज्यांनी उघडून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी. आडवं, जाडजूड, कापडी पाठीचं पुस्तक. एका ओळीवर एक मूल: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता. उजव्या पानावर शाळा सोडल्याची तारीख, तेव्हाची इयत्ता, कारण, शेरा. एका वर्षाची पाचवीची ओळ न ओळ घेऊन उजवं पान वाचत गेलं की त्या तुकडीचं सगळं आयुष्य तासाभरात समोर येतं. कारणाच्या रकान्यात बहुतेक तीन-चारच शेरे असतात: 'दुसऱ्या शाळेत', 'पालकांची बदली', 'पुढील शिक्षणासाठी', 'सतत गैरहजर'. सातवीतल्या मुलापुढे 'पुढील शिक्षणासाठी' दिसलं की तिथं बोट ठेवून थांबावं. तो कारकुनानं सवयीनं लिहिलेला शेरा असतो. मूल खरंच कुठल्या शाळेत दाखल झालं का, हे शेजारच्या शाळांना विचारावं लागतं. मूळ दाखला नव्या शाळेच्या फायलीत असतो आणि तिथल्या रजिस्टरात आधीच्या शाळेचं नाव असतं. बसच्या वाटेवरच्या तीन-चार शाळा धुंडाळल्या की बहुतेकांचा पत्ता लागतो. ज्याचा लागत नाही त्याला सोडून गेलेल्यांत धरायचं. दुसऱ्या शाळेत गेलेल्यांत धरलं की आकडा उगाच फुगतो.

यात चुका कुठे होतात, ते भाईंनी सांगितलं. शाळा सोडून वर्षानं परत आलेल्या मुलाला नवा अनुक्रमांक मिळतो, त्यामुळे एकच मूल एकदा गळालेलं आणि एकदा नवीन असं दोनदा मोजलं जातं. म्हणून नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी जुळवायच्या. आडनावावर विसंबायचं नाही. पोर्तुगीज नोंदींत शेणव्यांचा सिनाय झाला, प्रभूंचा पोरोबो, कामतांचा कामोतीम. थोरला भाऊ एका स्पेलिंगनं, धाकटा दुसऱ्या, आणि पुढे कोणी कायद्यानं नाव बदलून घेतलेलं. तीन भावांची तीन घराणी होतात.

इथं उल्हासनं वेगळाच मुद्दा काढला. इतिहास शाळेच्या पहिल्या दिवसापासून सुरू करायचा की त्याआधीपासून? स्मरणिकांत नेहमी असं लिहिलेलं असतं की मुक्तीपूर्वी शिक्षण नव्हतंच. हे खरं नव्हे. पणजीचं लिसेव, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळा, १८५४ सालचं. पण ते पोर्तुगीज भाषेतलं आणि राजधानीतलं, खेड्यातल्या पोरानं तिथं पोचणं दुर्मीळ. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, आणि लोकांनी स्वतःच्या मराठी शाळा जोमानं काढल्या. देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या जागेत), कुणाच्या ओसरीवर. पणजीची मुष्टिफंड संस्था तर त्याही आधीची, १९०८ ची, नावातच घरोघरची मूठभर तांदळाची वर्गणी आहे. इंग्रजी शाळाही निघाल्या, पण मॅट्रिक मुंबईची, आणि पुढे शिकायचं तर मुंबई, बेळगाव, धारवाड. १९६१ नंतर, विशेषतः पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात, गावोगाव प्राथमिक शाळा झाल्या आणि चौथी पास मुलांची रांग लागली. त्या रांगेसाठी हायस्कुलं निघाली. उल्हासच्या मते पहिल्या तुकडीच्या 'आधीची शाळा' या रकान्यात कोणत्या मराठी शाळांची नावं आहेत, ती यादी म्हणजेच शाळेचं पहिलं प्रकरण. हे चौघांनाही पटलं, आणि मलाही वाटतं की त्या संध्याकाळची सगळ्यांत चांगली सूचना हीच.

साठ वर्षांचे निकाल एका तक्त्यात मांडायला मात्र नानांनीच विरोध केला, आणि तो अगदी योग्य होता. परीक्षा एकच राहिलेली नाही. सुरुवातीच्या तुकड्या पुणे मंडळाच्या एस.एस.सी.ला बसल्या आणि तेव्हा ती अकरावीला होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दहा अधिक दोन आलं, म्हणजे ही परीक्षा दहावीला आली आणि पुढे दोन वर्षं उच्च माध्यमिकची. गोव्याचं स्वतःचं मंडळ १९७५ च्या कायद्यानं झालं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीला पुन्हा नापास करायची वाट राज्यांना मोकळी केली. २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही, गुण शाळेच्या मूल्यमापनावरून दिले. २०२१-२२ ला परीक्षा दोन सत्रांत विभागली. या प्रत्येक ठिकाणी तक्त्यात जाड रेघ मारायची आणि रेघेच्या अलीकडचं-पलीकडचं ताडून बघायचं नाही. खेळाचे वाढीव गुण धरून आणि न धरता, असे दोन रकाने ठेवायचे. आणखी एक, २०२५ साली सहावी ते दहावीचं वर्ष जूनऐवजी ७ एप्रिलला सुरू झालं. पट कुठल्या तारखेचा मोजला ते लिहिलं नाही तर पुढच्या माणसाचा हिशेब चुकेल.

"२०१० ची रेघ सर्वांत महत्त्वाची," भाई म्हणाले. "आधी मुलं पाचवी, सहावी, सातवी अशी थोडी थोडी अडायची. नंतर सगळी गर्दी नववीच्या दारात. नववीचा निकाल शाळेच्या हातचा. तिथं अडवलं की दहावी शंभर टक्के."

नाना दुखावले. "अपूर्णांकांची बेरीज न येणाऱ्या पोराला दहावीच्या बीजगणितात ढकलायचं? नववीत अडलेल्या मुलाच्या वह्या मागे मागे चाळत जा. गाडी पाचवीपाशी येऊन थांबते."

आणि मग ते पाचवीवर बोलले, ते मला जसंच्या तसं द्यावंसं वाटतं. गोव्यात मराठी किंवा कोंकणी चौथी करून आलेलं मूल पाचवीला एका दिवसात इंग्रजी माध्यमात बसतं. त्याला गणित येतं, गणिताचे शब्द येत नाहीत. 'अंश' आणि 'छेद' त्याला पक्के ठाऊक, 'न्युमरेटर' ऐकलं की गप्प. 'राइट द टेबल ऑफ सेव्हन' म्हटलं तर टेबल म्हणजे वर्गातलं मेज, पाढा नव्हे. 'प्रॉडक्ट' म्हणजे दुकानातला माल. 'फाइंड द डिफरन्स' वाचून मूल वजाबाकी करत नाही, दोन आकड्यांत फरक काय दिसतो ते लिहितं: एक मोठा, एक लहान. उत्तरपत्रिकेवर शून्य पडतं, आणि पुढे दोन वर्षं ते मूल गणितात कच्चं मानलं जातं.

नानांचा उपाय: पहिले सहा आठवडे नवीन धडा घ्यायचाच नाही. चौथीचंच गणित इंग्रजी शब्दांत पुन्हा करायचं. रोज पाचच शब्द, फळ्याच्या उजव्या कडेला, मराठी जोडीसह, आणि आठवडाभर पुसायचे नाहीत. उदाहरण शिक्षकानं मोठ्यानं वाचायचं, मुलानं ते मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत सोडवायचं. हा क्रम उलटला की मूल आकडे उचलून दिसेल ती क्रिया करून मोकळं होतं. दर शनिवारी दहा तोंडी प्रश्न, गुण न देता. साधारण दीडशे शब्दांत पाचवीचं गणित बसतं. बाहेरगावची, घरी तिसरीच भाषा बोलणारी मुलं वर्गात असतील तर मराठी जोडीचा उपयोग नाही. तिथं चित्र आणि खडे-चिंचोके घेऊन बसावं लागतं, आणि सहाचे दहा आठवडे होतात.

"ही शब्दांची यादी स्मरणिकेत छाप," दत्ता म्हणाला. "फोटोपेक्षा तिचा पालकांना जास्त उपयोग."

राहिला प्रश्न रजिस्टराचा. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या कागदाला ओल येते, शाई पसरते, कसर लागते. म्हणून दिवाळी ते शिगमो (होळीचा सण) एवढ्याच दिवसांत ते उघडायचं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा. रजिस्टर ऑफिसबाहेर न्यायचं नाही. पान खिडकीच्या उजेडात ठेवून वरून सरळ फोटो घ्यायचा, फ्लॅश नको, डावं-उजवं पान एकाच चौकटीत, कोपऱ्यात अनुक्रमांक दिसलाच पाहिजे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि नावं, जात, जन्मतारीख यांतलं काहीही छापायचं नाही. छापायचे ते फक्त आकडे.

सुरुवात म्हणून चार तुकड्या निवडल्या: पहिली पाचवी, दहा अधिक दोननंतरची एक, २०१० च्या आधीची एक, नंतरची एक. प्रत्येकीला दोघे, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मग अदलाबदल करून पुन्हा मोजायचं. अर्ज भाई लिहिणार. मुखपृष्ठाचं काही ठरलं नाही.

तेवढ्यात दुकानदार फळी काढायला आला आणि खडूचे आकडे पुसू लागला. "थांब रे जरा," म्हणत नानांनी खिशातली डायरी काढली आणि सगळे उतरवून घेतले. ६८.७५ च्या खाली ७७.०८ लिहून त्याला चौकट केली. "छापणार असाल तर हा आकडा गाळायचा नाही," ते भाईंना म्हणाले. "उशिरा पास झालेलीही आपलीच."